नाल्याला वरून किती पाणी येतं? सर्व्हे ऑफ इंडियाची १:५०,००० शीट

वावरात शेततळं घ्यायचं असो की नाल्यावर बांध, वरचा पाणलोट किती हे आधी कळलं पाहिजे. त्यासाठी सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशाच्या शीटइतकं भरवशाचं, फुकटात मिळणारं साधन दुसरं नाही. सर्व्हे ऑफ इंडियाच्या पोर्टलवर खातं उघडून आपल्या भागाच्या शीटची पीडीएफ घ्या. छापताना ‘फिट टू पेज’ बंद ठेवा. छापून आल्यावर १ किलोमीटरची चौकट पट्टीने मोजा. ती २ सेंटिमीटर भरली नाही तर पुढचा सगळा हिशेब चुकतो.

आता बांधाच्या जागेपासून दोन्ही अंगांनी वर चढत माथ्याची रेषा काढा. तपकिरी समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) चढाच्या दिशेने टोक काढतात तिथे नाला, उताराच्या दिशेने काढतात तिथे टेकडीची सोंड. बांधाची जागा सोडून तुमची रेषा नाल्याला कुठेही छेदत असेल तर खोडून पुन्हा काढा. आतला भाग मिलिमीटर कागदावर उतरवून चौकोन मोजा, चार चौकोनांचा १ हेक्टर. ४० हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस पडला तर २०,००० घनमीटर पाणी होतं. आधीच भिजलेल्या काळ्या मातीत त्यातलं थोडंच मुरतं, म्हणून सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, आखूड ठेवू नका. बांध बहुतेक वेळा तिथेच फुटतात.

मेळघाटात ही शीट फार सुंदर काम देते. चिखलदऱ्याच्या पठाराचं एका अंगाचं पाणी सिपनेतून तापीला, दुसऱ्या अंगाचं चंद्रभागेतून पूर्णेला जातं, आणि पूर्णाही शेवटी चांगदेवजवळ तापीलाच मिळते. धबधब्याच्या कड्यावर समोच्च रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसतात. याच अमरावती जिल्ह्यात मोर्शी-वरुडचं पाणी मात्र वर्धा नदीने प्राणहिता-गोदावरीकडे, म्हणजे बंगालच्या उपसागराला निघतं.

दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यात मात्र शीट कमी पडते. समोच्च रेषांमधलं अंतर सहसा २० मीटर उंचीचं, आणि जमीन इतकी सपाट की माथा कुठे आहे ते कागदावर सापडत नाही. शिवाय सर्वेक्षणानंतर झालेले कालवे आणि भराव टाकून उंच केलेले पांदण रस्ते त्यात नसतात. रस्त्याखालचा पाइप लहान असेल तर पाणी शेजारच्या वावरात वळतं, नकाशा काहीही म्हणो. तिथे हायड्रोमार्कर (पाण्याच्या नळीने पातळी मोजायचं साधन) घेऊन धुऱ्याधुऱ्याने पातळी घ्या, आणि जोराचा पाऊस चालू असतानाच पाणी कुठून वाहतं ते चालत जाऊन बघा.