अँपिअरचं भोक नसलेला मीटर

बेळगावच्या खानापूर रोडला माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान. गोव्याला जाणारे ट्रक, हंगामात उसाचे ट्रॅक्टर, मधूनच एखादी कार. वर्षभरापूर्वी फ्लूक १०१ हा मल्टिमीटर घेतला. शेजारचा पंक्चरवाला हसला, "एवढे पैसे घालून अँपिअर बघायला येत नाही होय?"

नाहीच येत. दोनच भोकं. व्होल्ट, ओहम, वायर जोडलेली आहे का सांगणारा बजर, डायोड, कपॅसिटर, फ्रिक्वेन्सी, एवढंच. मी घेतला तो त्याचसाठी.

आधी स्वस्तातला एक पिवळा मीटर होता. तिसऱ्या भोकापाशी बारीक अक्षरात '१० अँपिअर, अनफ्यूज्ड', म्हणजे आत फ्यूजच नाही. एका गाडीचा करंट बघून मी लाल वायर त्याच भोकात ठेवली आणि चहाला गेलो. तेवढ्यात दुकानातल्या पोरानं ट्रकची बॅटरी बघायला घेतली, २४ व्होल्टची. करंटच्या भोकात वायर असली की मीटर म्हणजे बॅटरीच्या दोन टोकांत टाकलेली नुसती तार. पिन वितळून टर्मिनलला चिकटली, वायरचं रबर त्याच्या मुठीत मऊ झालं. बादलीत हात बुडवून म्हणतो, "नुसतं व्होल्ट बघुलालो की मामा!" खोटं नव्हतं. वायर मी ठेवली होती.

आता पोरगं बिनधास्त बघतं. १२ व्होल्टची गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट, चालू केल्यावर १३.८ ते १४.४, सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेलं तर बॅटरीवर संशय. ईसीयू म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, त्याच्या वायरींना आम्ही पूर्वी बल्बचा टेस्ट लॅम्प लावायचो. बल्ब करंट ओढतो, त्यात ईसीयू जाऊ शकतो. या मीटरचा रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या वर, ओढतो तो नावाला. ओहम बघताना मात्र बॅटरीची अर्थची वायर काढूनच, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरला ओहमवर अजिबात लावायचा नाही. मीटरचा तेवढा करंटही फुगा फोडायला पुरू शकतो.

रात्री बॅटरी उतरते म्हणून गाडी आली की मिलिअँपिअर दाखवणारा डीसी क्लॅम्प, म्हणजे वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट बघायचा मीटर, वेगळा ठेवलाय. गाडी बंद करून आतलं सगळं झोपल्यावर ५० मिलिअँपिअरच्या वर दिसलं की एकेक फ्यूज काढत बसायचं. म्हणजे खर्च दोन मीटरचा, हे घेणाऱ्यानं धरूनच चालावं. फ्लूकला बॅकलाइट नाही, डॅशबोर्डखाली मोबाइलचा टॉर्च दातात धरावा लागतो.

वर 'कॅट थ्री, ६०० व्होल्ट' हा मीटरच्या सुरक्षेचा दर्जा लिहिलाय. ते वाचून पोरगं इलेक्ट्रिक कारच्या नारिंगी केबलकडे निघालं होतं. म्हटलं, तो आकडा मीटरचा आहे, तुझ्या हाताचा नव्हे. तिथं तीन-चारशे व्होल्ट असतात, तसले रबरी हातमोजे आपल्याकडे नाहीत. अशी गाडी आली की बॉनेट झाकून कंपनीच्या वर्कशॉपला पाठवतो, गिऱ्हाईक कितीही "स्वल्प नोडरी", जरा बघा की, म्हणू दे.