तुळजापूरच्या मूर्तीच्या दुकानातला पितळी सिंह

घटस्थापनेच्या आठ दिवस आधी लातूरहून एसटीनं तुळजापूरला गेले. दर्शन झालं की देव्हाऱ्यातल्या भवानीपुढं ठेवायला पितळी सिंह घ्यायचा होता. देवळाजवळच्या गल्लीत, परड्या आणि कवड्यांच्या माळांच्या रांगेत एक जुनं दुकान आहे, बाप-लेक चालवतात.

सिंह घेताना बहुतेक जण तोंड बघतात, मी आयाळ बघते. दुर्गासप्तशतीच्या पोथीत दुसऱ्या अध्यायात सगळे देव देवीला आयुधं देतात, हिमालय सिंह देतो. पुढं युद्धात तो सिंह नुसता पाठीवर वाहून नेत नाही. ‘धुतसटः’, म्हणजे आयाळ झाडत, रानात वणवा फिरावा तसा तो असुरांच्या सैन्यात फिरतो. वीस वर्षं नवरात्रात पाठ करते, त्या ओळीला अजून अंगावर काटा येतो. म्हणून मफलर गुंडाळल्यासारखी चापून बसवलेली आयाळ मला चालत नाही.

पहिले पाच-सहा सिंह तसलेच निघाले. दोघांच्या अंगावर तर पट्टे होते. घरोघरी ‘देवीचा वाघ’ म्हणतात खरं, पण तुळजाभवानीचं वाहन सिंहच. मग मुलानं रेझिनची चिनी जोडी काढली, वास्तूला चांगली म्हणाला, दोन्ही नर. मी त्याला पंजे दाखवले. चेंडूवर पंजा तो नर, पिल्लावर पंजा ती मादी, आणि ही जोडी दाराबाहेर राखणीला बसते, देवघरात नाही. पोरानं मनापासून ऐकलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाला तसंच समजावून सांगितलं. असा दुकानदार मला आवडतो.

काचेखाली सिंह राशीची लॉकेटं होती, सिंहामागं सूर्य कोरलेला. राशीचा स्वामी रवी, तेव्हा ते बरोबरच. नातू मघा नक्षत्राचा, म्हणजे सिंह राशीचाच, म्हणून हातात घेऊन पाहिलं, पण कडी फारच बारीक, नाही घेतलं. तशी आमच्याकडं मघा म्हटली की आधी पाऊस आठवतो. ऑगस्टच्या मध्याला सूर्य सिंह राशीत जातो, मघा लागतात, सोयाबीन फुला-शेंगांवर असतं. ‘न पडतील मघा तर ढगाकडे बघा’ म्हणत वडील खरंच अंगणात वर बघत उभे राहायचे.

शेवटी मालकांनी आतून एक ओतीव, भरीव सिंह आणला. वीतभर लांब, वजन 1 किलो 400 ग्रॅम. आयाळीची एकेक बट वेगळी, मागं उडालेली. मान किंचित वळलेली, जबडा उघडा पण जीभ लोंबत नाही. मी दुसरा बघितलाच नाही. भाव किलोला 1100 रुपये, म्हणजे 1540 झाले. सासूबाईंची चिरलेली घागर सोबत नेली होती, ती माझ्यासमोर काट्यावर ठेवून मोडीचे 900 धरले. वरचे 640 दिले. पावतीवर दोन्ही वजनं लिहून दिली.

एक खोट निघाली. शेपटी वेगळी ओतून जोडलेली आणि जोडाशी धार राहिलेली, पुसताना बोटाला लागली. मालकांनी तिथंच कानस मारून दिली. पण ही गोष्ट विकायच्या आधी व्हायला हवी, देवाची वस्तू लहान मुलंही हाताळतात.

निघताना मालक म्हणाले, तोंड दाराकडं ठेवा. मी त्यांना सप्तशतीच्या शेवटी जोडलेल्या वैकृतिक रहस्यातलं सांगितलं: सिंहाची पूजा देवीच्या पुढं, उजव्या बाजूला करायची, कारण तो सिंह म्हणजे समग्र धर्म, ज्यानं चराचर धरून ठेवलंय. त्यांनी हात जोडले आणि विचारलं, उजवी कुणाची, आपली का देवीची?

देवीची. घटस्थापनेला आमच्या सूनबाईंनी नेमका आपल्या उजवीकडं ठेवला होता, मी उचलून पलीकडं ठेवला आणि मगच दिवा लावला.