२५६ जीबीवरून १ टीबी एनव्हीएमई: विंडोज पुन्हा न टाकता केलेला बदल, सोलापूरचा उन्हाळा काढल्यानंतर

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल-चादरीच्या कारखान्यातला ऑफिसचा कॉम्प्युटर. जॅकार्डची डिझाइनं, टॅली आणि जुने मराठी फॉन्ट सगळं त्यातच, आणि सी ड्राइव्ह कायम लाल. दिवाळीनंतर १ टीबीची एनव्हीएमई (बोर्डावर थेट बसणारी वेगवान एसएसडी डिस्क) बसवली, मे सरेपर्यंत रोज वापरात आहे. अशा कॉम्प्युटरवर विंडोज नव्यानं टाकण्यापेक्षा क्लोन करणंच, म्हणजे जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवणंच बरं, कारण फॉन्ट, प्रिंटरची सेटिंग्ज आणि सॉफ्टवेअर पुन्हा जुळवण्यात आठवडा जातो. फक्त ज्या सॉफ्टवेअरचं लायसन्स डिस्कच्या क्रमांकाशी बांधलेलं असतं, त्याची कंपनीकडे आधी चौकशी करा.

बोर्डावर एम डॉट टूचा (अशी डिस्क बसवायचा) एकच स्लॉट, म्हणून नवी डिस्क यूएसबी एन्क्लोजरमध्ये (बाहेरून जोडायच्या डबीत) घालून क्लोनझिला या डिस्क-कॉपीच्या मोफत सॉफ्टवेअरनं कॉपी केली. एन्क्लोजर १० जीबीपीएसचं घ्या आणि निळ्या किंवा टाइप-सी पोर्टलाच लावा. चुकून यूएसबी २ मध्ये लावलं, तर सेकंदाला ३५-४० एमबीच्या वर वेग मिळत नाही. त्या वेगानं १८० जीबीला सव्वा तास तरी धरा. मध्येच लाइट गेली तर सगळं पहिल्यापासून, तेव्हा यूपीएसशिवाय हात घालू नका.

खरी मेहनत कॉपीच्या आधी आहे. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप, डेटा एन्क्रिप्ट करणारं) नुसतं थांबवून भागत नाही, पूर्ण बंद करा. डेटा एन्क्रिप्टेडच राहिला तर क्लोनझिलाला त्यातलं रिकामं-भरलेलं कळत नाही आणि ते अख्खं पार्टिशन जसंच्या तसं उचलतं. फास्ट स्टार्टअपही बंद करा. नाहीतर शटडाउननंतरही विंडोज अर्धवट झोपलेलं असतं आणि क्लोनझिला ते पार्टिशन घ्यायला नकार देतं. त्यानंतर एकदा चेक-डिस्क (chkdsk, डिस्कमधल्या चुका तपासणारी कमांड) चालवा. सोर्स आणि टार्गेट निवडताना डिस्कची साइझ आणि मॉडेल नंबर दोनदा वाचा. उलटं निवडलं तर जुना डेटा गेलाच.

कॉपी झाली की जुनी डिस्क काढून मगच नवीवर पहिलं बूट करा. दोन्हीची ओळख सारखीच असते, एकत्र लावल्या तर विंडोज त्यातली एक ऑफलाइन टाकतं. जुनी डिस्क साटा (एनव्हीएमईच्या आधीच्या, धीम्या जोडणीची) असेल आणि पहिल्या बूटला निळा पडदा आला, तर एकदा सेफ मोडमध्ये सुरू करा. बहुतेक वेळा तेवढ्यानं एनव्हीएमईचा ड्रायव्हर जागेवर येतो.

आता बहुतेकांची गाडी जिथं अडते ते. डिस्क मॅनेजमेंटमध्ये ९३१ जीबी दिसतात (१ टीबी म्हणजे विंडोजच्या मोजणीत तेवढेच), पण सी वर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' हा जागा वाढवायचा पर्याय फिका असतो. सी आणि मोकळ्या जागेच्या मध्ये ५००-७०० एमबीचं रिकव्हरी पार्टिशन (विंडोज बिघडलं तर दुरुस्तीसाठी राखलेला भाग) आडवं बसलेलं असतं. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये 'रीएजंटसी /डिसेबल' (reagentc /disable) द्या, रिकव्हरीची फाइल सी वर येते. मग डिस्कपार्टमध्ये (diskpart, पार्टिशन हाताळायची विंडोजची कमांड) तेच रिकव्हरी पार्टिशन निवडून 'डिलीट पार्टिशन ओव्हरराइड' (delete partition override), सी वाढवा, आणि शेवटी 'रीएजंटसी /एनेबल' (reagentc /enable). ही शेवटची कमांड राहून गेली तर रिकव्हरी बंदच राहते, आणि ते कळतं नेमकं अडचणीच्या वेळी.

वेगाबद्दल तक्रार नाही. तक्रार उष्णतेची आहे. इथं एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा ४३ च्या पुढे जातो. त्या दुपारी मोठी डिझाइनं कॉपी करताना डिस्क सत्तरीला टेकली आणि वेग धपकन खाली आला. बहुतेक घरगुती एनव्हीएमईंची मर्यादाच ७० अंशांची असते. थर्मल पॅडसह (उष्णता पोचवणाऱ्या मऊ पट्टीसह) अॅल्युमिनियमचा हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी पट्टी) लावल्यावर डिस्क साठीच्या आत राहिली. पॅडवरचं प्लॅस्टिक काढायचं राहिलं, तर हीटसिंक असून नसल्यासारखा. लूमजवळच्या कॉम्प्युटरचा पंखा महिन्यातून एकदा ब्लोअरनं साफ कराच, सुताचा तूस जाळीवर नमद्यासारखा बसतो.

जुनी डिस्क महिनाभर हात न लावता ठेवा. टॅली, प्रिंटिंग, लूमला जाणाऱ्या डिझाइन फाइल्स सगळं एकदा चालवून बघितलं, की मगच ती फॉरमॅट करून त्याच एन्क्लोजरमध्ये बॅकअपला लावा.