‘द टेन्थ प्लॅनेट’चा चौथा भाग: आधी ऐका, मग बघा

बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ या जुन्या विज्ञानमालिकेचे साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आज चित्ररूपात उपलब्ध नाहीत. व्हिडिओ टेप महाग होत्या, त्या पुसून पुन्हा वापरायचे. परदेशी विकायला काढलेल्या फिल्मच्या प्रतीही पुढे टाकून दिल्या. 29 ऑक्टोबर 1966 ला दाखवलेला, ‘द टेन्थ प्लॅनेट’ या चार भागांच्या कथेचा शेवटचा, चौथा भाग असाच गेला. मला सगळ्यात जास्त हळहळ याच भागाची वाटते, कारण मालिकेचा नायक ‘डॉक्टर’ साकारणारा पहिला नट विल्यम हार्टनेल यात निरोप घेतो.

सुदैवाने आवाज उरला. तेव्हा काही प्रेक्षकांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर हे भाग ध्वनिमुद्रित करून ठेवले होते. 2013 च्या डीव्हीडीत पहिले तीन भाग मूळचे आहेत आणि चौथ्याच्या आवाजावर अ‍ॅनिमेशन बसवलंय. मी इंदूरच्या एका हौशी मराठी नाटक मंडळीत ध्वनीची बाजू सांभाळते, त्यामुळे माझा कान आधी तिकडेच गेला.

कथा दक्षिण ध्रुवावरच्या एका अवकाश-तळावर घडते. मोंडास नावाचा पृथ्वीचा जुळा ग्रह जवळ येतो आणि तिथले सायबरमेन, म्हणजे शरीराचे भाग यंत्राचे करून घेतलेली माणसं, उतरतात. त्यांचं हे पहिलंच दर्शन. तोंडावर कापड, हात मात्र माणसाचे, उघडे. बोलताना तोंड उघडतं आणि उघडंच राहतं; ओठ हलत नाहीत, आतून शब्द येत राहतात, तेही भलत्याच अक्षरावर जोर देत, हेल काढत. चौथ्या भागात हा आवाज ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पुढच्या काळातल्या चकचकीत धातूच्या सायबरमेनपेक्षा मला हेच जास्त भयानक वाटतात, कारण यांच्यात माणूस अजून थोडा शिल्लक आहे.

अ‍ॅनिमेशन मेहनतीचं आहे, चेहरे ओळखू येतात. पण चालणं ताठर झालंय, आणि हार्टनेलचं ते कोटाची कॉलर धरून मान वर करणं, बोटं नाचवणं यात उतरलेलं नाही. आजारपणामुळे तो तिसऱ्या भागात जवळजवळ नाहीच. चौथ्यात परत येतो तेव्हा त्याचा प्रत्येक हातवारा हवासा वाटतो. आमची आत्या आकाशवाणी इंदूरच्या श्रुतिकांवर वाढलेली. थोडा वेळ बघून म्हणाली, “चित्र बंद कर गं. आवाजात सगळं आहे.” मग आम्ही पडदा झाकून पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं, आणि तिचं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. आपलं हे म्हातारं शरीर आता झिजत चाललंय असं डॉक्टर म्हणतो, तिथला त्याचा थकलेला सूर त्या चित्रापेक्षा कितीतरी जास्त सांगून जातो.

शेवटच्या रूपांतराची मात्र मूळ चित्रफीत वाचली आहे. 1973 मध्ये ‘ब्लू पीटर’ या मुलांच्या कार्यक्रमात तो तुकडा दाखवला होता, म्हणून. डॉक्टर यानात कोसळतो, चेहरा प्रकाशात विरघळतो आणि तिथे नव्या डॉक्टरचा, म्हणजे पॅट्रिक ट्राउटन या नटाचा चेहरा येतो. हे घडवलं व्हिजन मिक्सर (कॅमेऱ्यांची चित्रं जोडणाऱ्या तंत्रज्ञ) शर्ली कॉवर्ड यांनी, मिक्सिंग डेस्कमधल्या एका दोषाचा उपयोग करून. नायक बदलूनही मालिका चालू ठेवायची वाट या काही सेकंदांनी काढून दिली. रंगमंचामागे राबणाऱ्या प्रत्येकाने हा तुकडा बघावाच.

कथानक चौथ्या भागात थोडं घाईचं आहे. मोंडास फुटतो आणि त्याच्याच ऊर्जेवर जगणारे सायबरमेन जागीच गळून पडतात; डॉक्टरला त्यात करण्यासारखं फारसं काही उरत नाही. ही लेखनातली उणीव आहेच. तरी सुरुवात पहिल्या भागापासूनच करा, नाहीतर मुलासाठी पृथ्वी पणाला लावायला निघालेला जनरल कटलर कळणार नाही.

डीव्हीडी जगाच्या ठरावीक विभागांपुरत्याच (रीजन) चालतात; डिस्क ब्रिटनमधून मागवणार असाल तर ती रीजन 2 ची असते. आपल्याकडचा रीजन 5 चा प्लेअर ती घेत नाही, मल्टिरीजन प्लेअर लागतो. आत्याला नवा डॉक्टर कसा निघाला ते ऐकायचंय. लगेचची कथा ‘द पॉवर ऑफ द डॅलेक्स’. तिचे तर सहाही भाग हरवलेले, पण आवाज शाबूत आहे आणि 2016 मध्ये अ‍ॅनिमेशनही आलंय. तीही मागवली आहे.