स्वखर्चाच्या वेबसिरीजसाठी दाविंची रिझॉल्व्ह : विनामूल्य आवृत्तीचा अनुभव

स्वतःच्या बचतीतून पाच भागांची वेबसिरीज करताना बहुतेक पैसे चित्रीकरणातच संपले आणि संकलनासाठी हाताशी उरली ती दाविंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ-संकलनाच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती. सहा महिने तिच्यावर रोज काम केल्यावर मी ती निःशंकपणे सुचवतो.

संकलन, रंगसंस्करण, ध्वनी आणि दृश्यपरिणाम ही सारी कामे एकाच प्रकल्पात होतात. ध्वनीसाठीचे फेअरलाइट 2017 मध्ये, तर दृश्यपरिणामांसाठीचे फ्यूजन 2018 मध्ये यात समाविष्ट झाले. तिची खरी ताकद रंगसंस्करणात आहे. आमच्या एका महत्त्वाच्या प्रसंगाचा अर्धा भाग उन्हात आणि उरलेला आठवड्याने ढगाळ हवेत चित्रित झाला होता. प्रत्येक बदल वेगळ्या नोडवर, म्हणजे रंगबदलाच्या स्वतंत्र टप्प्यावर, ठेवता येत असल्याने, आधीचे काम न मोडता, दोन्ही भाग मी एकमेकांशी जुळवू शकलो. तो प्रसंग पुन्हा चित्रित करण्याइतके पैसे आमच्याकडे नव्हते, म्हणून या सोयीचे मोल मला फार वाटते.

मर्यादाही आहेत. निर्यात 3840 × 2160 पिक्सेल आणि सेकंदाला 60 चौकटी (फ्रेम) यांपलीकडे जात नाही, पण वेबसिरीजला तेवढे पुरते. दृश्यातील नॉइज, म्हणजे कमी प्रकाशात दिसणारा दाणेदारपणा, कमी करण्याची सुविधा मात्र सशुल्क स्टुडिओ आवृत्तीतच असल्याने रात्रीच्या प्रसंगांसाठी दिव्यांवर आधीच खर्च करावा. साधारण संगणकावर काम करणाऱ्यांनी पहिल्या दिवसापासून प्रॉक्सी फाइल, म्हणजे मूळ चित्रफितींच्या हलक्या प्रती, वापराव्यात. मी त्या तिसऱ्या भागापासून वापरू लागलो आणि तोवर बराच वेळ गमावला होता.