खालच्या हॉटेलचा आवाज: पोलीस की महापालिका?

एका मैत्रिणीच्या फ्लॅटखाली रेस्टॉरंट सुरू झालंय आणि तक्रार कुठे करावी यावर घरात दोन तट पडलेत.

वेळेचं गणित सोपं आहे. ११२ ला फोन केला तर त्याच रात्री गाणी थांबू शकतात. महापालिकेत महिने जातात, त्यात हॉटेलमालक कोर्टात गेला तर विचारूच नका.

खरा फरक पुराव्यात. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल. तक्रारीसाठी आवाज त्याच्या १० डेसिबल वर हवा, किंवा स्पीकर वगैरेंवरच्या रात्रीच्या बंदीचा भंग. स्पीकर यात सापडतो. एक्झॉस्टची घरघर, भांडी घासण्याचा खणखणाट, पार्सलवाल्यांच्या दुचाकी बहुधा निसटतात.

महापालिकेला डेसिबल नको, मंजूर नकाशा हवा. तो माहिती अधिकारात दहा रुपये शुल्क आणि प्रतींचा खर्च भरून मागता येतो. सामासिक अंतरात (इमारतीभोवती मोकळी सोडायची जागा) शेड टाकून भटारखाना थाटलाय, पार्किंगमध्ये टेबलं मांडलीत? १९६६ च्या एमआरटीपी, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात विनापरवाना बांधकाम आणि वापरबदल दोन्ही येतात. कलम ५३ ची, म्हणजे बेकायदा बांधकाम हटवण्याची नोटीस निघू शकते. शेड गेली की आवाजाचं मूळच गेलं. पण नकाशात तिथे हॉटेलच मंजूर असेल तर हा रस्ता बहुतेक बंद.

त्रास रात्रीच्या गाण्यांचा असेल, किंवा तुम्ही भाड्याने राहत असाल, तर पोलीस. घर स्वतःचं, त्रास दिवसभराचा आणि सोसायटी लेटरहेडवर सही द्यायला तयार असेल, तर महापालिका.