साडेचौदा हजारांची एंटरप्राइझ: आठ महिन्यांनंतर

खोकं उघडलं त्या दिवशी लिहायला बसलो असतो तर पाचपैकी पाच दिले असते. आज तीन देतोय, आणि त्यातला एक नुसत्या बशीसाठी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या गोल चकतीसाठी.

वस्तू अशी: स्टार ट्रेकच्या १९६६ च्या मूळ मालिकेतल्या एंटरप्राइझ (एनसीसी-१७०१) या अंतराळजहाजाचं मॉडेल. डायकास्ट (म्हणजे साच्यात धातू ओतून केलेलं), दिवे लागणारं, पुढचे लाल घुमट फिरणारं. खोक्यावर प्रमाण १:१०००. गेल्या ऑक्टोबरमध्ये बोनस हातात पडला आणि १४,५०० रुपये देऊन ऑनलाइन मागवलं. लहानपणी रविवारी सकाळी दूरदर्शनवर हे जहाज पाहायचो, तेव्हापासूनची हाव. घरी आईला किंमत साडेचार हजार सांगितलीय. तेवढ्यावरही ती दोन दिवस बोलत नव्हती.

मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत टूलरूममध्ये काम करतो. साचे बनवायचे आणि साच्यातून निघालेल्या मालाच्या खोड्या काढायच्या, हाच दिवसभराचा धंदा. त्यामुळे मॉडेल हातात आल्यावर आधी ते उलटं केलं. कुठलाही साच्यातला माल खालून बघावा. वरून सगळे नटलेले असतात.

बशी खरोखर सुंदर आहे. जस्ताच्या मिश्रधातूची, एकसंध ओतलेली. कडेवरून नख फिरवलं तर पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात तिथली रेघ) लागत नाही, म्हणजे ओतल्यावर कुणीतरी बसून घासलीय. खालच्या बाजूला इजेक्टर पिनचे (साच्यातून माल बाहेर ढकलणाऱ्या खिळ्यांचे) ठसे शोधले, सापडले नाहीत. नाव आणि नंबराची छपाई ब्रिजच्या, म्हणजे बशीवरच्या कप्तानाच्या कक्षाच्या, मध्यरेषेला धरून सरळ. भिंगाखालीही अक्षरांच्या कडा फुटत नाहीत. हे काम येणाऱ्या माणसानं केलंय.

मग स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला. ६१० ग्रॅम. खोक्यावर ‘डायकास्ट’ एवढ्या मोठ्या अक्षरांत छापलंय की सगळं जहाज धातूचं वाटावं. प्रत्यक्षात बशी आणि खालचं पोट धातूचं. मान, दोन्ही नॅसेल (इंजिनांची लांब नळकांडी, लाल घुमट यांच्याच टोकाला) आणि ते पेलणारे पायलॉन, म्हणजे तिरपे खांब, एबीएस प्लॅस्टिकचे. चुंबक लावून बघू नका, जस्ताला तो चिकटत नाही. गालाला लावा. धातू गार लागतो, प्लॅस्टिक लागत नाही. भाजीवाल्यासमोर टरबूज वाजवतात तसं टिचकी मारूनही कळतं.

मापांबद्दल थोडं, कारण इथे मला राग आला. जहाजाची मानलेली लांबी २८९ मीटर, बशीचा व्यास १२७ मीटर. म्हणजे १:१००० ला २८९ आणि १२७ मिलिमीटर यायला हवेत. माझ्या व्हर्नियरवर लांबी २८६ भरली आणि बशी १२९. लांबी कमी, बशी जास्त, म्हणजे आकुंचनाचा (ओतलेला माल थंड होताना आकसतो त्याचा) हिशेब चुकला हे कारणही लागू होत नाही. बशी मुद्दाम मोठी केलीय, समोरून भारदस्त दिसावी म्हणून. लांबून कळत नाही. मला कळतं, आणि कळल्यापासून दिसतच राहतं.

त्याहून खटकतात त्या बशीवरच्या रेषा. शूटिंगसाठी बनवलेलं मूळ मॉडेल अकरा फूट दोन इंचांचं. आज ते वॉशिंग्टनच्या नॅशनल एअर अँड स्पेस म्युझियममध्ये आहे, २०१६ मध्ये डागडुजी करून पुन्हा मांडलं. त्याच्या बशीवरचं जाळं पेन्सिलीनं आखलेलं आहे, पडद्यावर जेमतेम जाणवेल इतकं फिकं. आमच्या मॉडेलवाल्यानं त्याच्या खाचा केल्यात. एक खाच ०.४ मिलिमीटर रुंद. हजारानं गुणा: चाळीस सेंटिमीटर. आमच्या गल्लीतलं गटार एवढंच रुंद आहे. अंतराळात जाणाऱ्या जहाजाच्या पाठीवर उभी-आडवी गटारं! नवीन मॉडेल घेणाऱ्यांनी किंमत बघण्याआधी या रेषा बघाव्यात. खोल खाचा म्हणजे ‘डिटेलिंग’ असं विक्रेते सांगतात, पण लहान प्रमाणात रेष जितकी पुसट, तितकं जहाज मोठं वाटतं.

दिवाळीत भाचा आला होता. सोसायटीच्या पोरांनी खाली किल्ला केलेला. “मामा, हे राजगडावर उतरवू?”

मी नाही म्हणालो, तर आई आतून, “खेळणंच आहे ना, खेळू दे की त्याला.”

काय सांगणार? साडेचार हजारांचं असतं तर मीही दिलं असतं.

दिव्यांचं लवकर आटोपतो. पुढचे घुमट फिरतात ते मस्त. मूळ मॉडेलमध्ये या परिणामासाठी आत मोटर आणि ख्रिसमसचे छोटे दिवे बसवले होते. इथे एलईडी आहेत. पण मानेच्या जोडातून उजेड गळतो, कारण प्लॅस्टिक पातळ आणि आतून काळा हात दिलेला नाही. रात्री लाईट घालवली की मान पणतीसारखी लाल होते. तीन बटण सेल लागतात. जानेवारीत दिवे मंद झाले म्हणून झाकण उघडलं तर पत्र्याच्या पट्टीवर पांढरी भुकटी. व्हिनेगरच्या बोळ्यानं पुसली, पट्टी वाचली. तेव्हापासून सेल बाहेर काढून ठेवतो.

आता मुख्य तक्रार. कपाट पश्चिमेच्या खिडकीसमोर आहे. मार्चपासून दुपारी तीननंतर काचेवर थेट ऊन यायला लागलं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, काचबंद कपाटात त्याहून किती चढत असेल ते हात घातल्यावर कळतं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात जेवताना समोर बघत होतो आणि घास तसाच राहिला. जहाज डावीकडे लंगडत होतं.

आधी वाटलं स्टँड वाकडा. रविवार होता. सोमवारी मॉडेल टॉवेलात गुंडाळून डब्याच्या पिशवीतून कंपनीत नेलं, जेवणाच्या सुट्टीत सरफेस प्लेटवर (अगदी सपाट पाटावर) ठेवलं आणि उंची मोजायचा हाइट गेज लावला. ऑक्टोबरमध्येही हेच केलं होतं (हो, मी तसला माणूस आहे), तेव्हा दोन्ही नॅसेलच्या पुढच्या टोकांत अर्ध्या मिलिमीटरचाही फरक नव्हता. आता डावं टोक साडेतीन मिलिमीटर खाली.

आमचे नाना, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेले, त्यांनी ते हातात घेतलं, नॅसेलचं पुढचं टोक बोटावर तोललं आणि विचारलं, “भाऊ, पुढं काय भरलंय?”

“मोटर.”

“आणि टेकू मागं. मधी पिन कसली, पोलादाची?”

पिन कसलीच नव्हती. पायलॉनच्या टोकाला प्लॅस्टिकचीच अडीच मिलिमीटरची खुंटी, ती खाचेत गोंदानं बसवलेली. नानांनी मॉडेल परत दिलं आणि डबा उघडला. एवढंच.

एबीएस उन्हानं वितळत नाही, ते मऊ पडायला शंभर अंशांच्या आसपास तापमान लागतं. पण सतत एकाच बाजूला भार असला की प्लॅस्टिक हळूहळू वाहतं, आणि उष्णतेत जास्त वेगानं. खुंटीच्या जागी दोन मिलिमीटरची स्टीलची तार घातली असती तर हे टळलं असतं. खर्च किती? दहा रुपयेही नाही. शिवाय नॅसेल रंगवलेले नाहीत, करड्या प्लॅस्टिकचेच ओतलेत. उन्हाकडची बाजू पिवळट झालीय आणि रंगवलेली धातूची बशी होती तशीच. जहाज दोन रंगांचं दिसायला लागलंय.

विक्रेत्याला मोजमापांसकट फोटो पाठवले. उत्तर आलं की वॉरंटी दिव्यांपुरती आहे, पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट देऊ.

जस्ताचं म्हणाल तर तिथे मी निर्धास्त आहे. जुन्या जस्ताच्या खेळण्यांना आतून भेगा पडून ती भुगा व्हायची, ती शिशाच्या अशुद्धतेमुळे. अतिशुद्ध जस्ताचं झामॅक हे मिश्रण १९२९ मध्ये आलं ते याच दुखण्यावर. आठ महिन्यांत बशीवर केसाएवढीही चीर नाही. बशी माझ्यानंतरही राहील. नॅसेलचं मात्र काही खरं नाही.

घ्यायचंच असेल तर पायलॉनमध्ये धातू आहे का, एवढं आधी विचारा. घेतलं तर उन्हापासून लांब ठेवा, पावसाळ्यात सेल काढा.

माझं कपाट आता आतल्या खोलीत हलवलंय. डाव्या नॅसेलखाली अ‍ॅक्रिलिकचा छोटा टेकू कापून लावला, आणि जहाजाची उजवी बाजू समोर केली. स्टुडिओतही तेच करायचे म्हणे. मूळ मॉडेलच्या डाव्या बाजूनं दिव्यांच्या वायरी आत जायच्या, त्यामुळे ती बाजू त्यांनी सजवलीच नव्हती.